ड्रोन आणि उपग्रहांची चित्रं वाचणारे विश्लेषक सोलापुरात कसे घडवायचे: नऊ महिन्यांचा आराखडा

चाळीस हेक्टरचं एखादं गाव-शिवार घ्या. युरोपचा सेंटिनेल-२ उपग्रह ते टिपतो तेव्हा त्याचे ४,००० पिक्सेल होतात. तेच क्षेत्र साध्या सर्वेक्षण ड्रोनने १०० मीटर उंचीवरून टिपलं की सुमारे ५३ कोटी पिक्सेल हातात पडतात. सेंटिनेल-२ दर पाच दिवसांनी जिल्ह्यावरून जातो. अमेरिकेच्या लँडसॅट उपग्रहांचा १९७२ पासूनचा साठा फुकट मिळतो. २०२० मध्ये सुरू झालेल्या स्वामित्व योजनेने गावठाणं ड्रोनने मोजायला घेतली. ३० जुलै २०२५ रोजी इस्रो आणि नासाचा निसार हा रडार उपग्रह श्रीहरीकोट्याहून गेला. चित्रांची टंचाई केव्हाच संपली. टंचाई आहे ती चित्र बघून ‘हे काय आहे, कशावरून म्हणता, आणि किती खात्रीने’ एवढं नीट सांगू शकणाऱ्या माणसांची.

हा आराखडा सोलापुरात भूगोल, कृषी, स्थापत्य किंवा संगणक शिकवणाऱ्यांसाठी आहे. चार-सहा जणांनी गट करून स्वतःच शिकायचं ठरवलं, तरी तो वापरता येईल. माझं मत सुरुवातीलाच सांगतो. सॉफ्टवेअर हा या शिक्षणातला सगळ्यात सोपा भाग आहे आणि नेमका तोच आपल्याकडे सगळ्यात जास्त शिकवला जातो. बघणं, शिवारात जाऊन ताडून पाहणं आणि जबाबदारीने लिहिणं या तीन गोष्टींना वेळ लागतो. त्यासाठी सोलापूरसारखी जागा शोधून सापडणार नाही. कोरडवाहू ज्वारी आणि बारमाही ऊस, माळरान आणि फळबागा, उजनीसारखं धरण आणि दुष्काळी तालुके हे सगळं इथे एसटीच्या दीड-दोन तासांच्या टप्प्यात आहे. चित्रात दिसलं ते खरं की खोटं, हे दुसऱ्या दिवशी बांधावर उभं राहून बघता येतं.

बॅच सप्टेंबरमध्ये सुरू करून मेमध्ये संपवा. सप्टेंबर-ऑक्टोबरात रब्बीची पेरणी होते, मग आभाळ निवळतं, नोव्हेंबरच्या सुमारास गळीत हंगाम सुरू होतो आणि मेपर्यंत उजनी तळाला जाते. नऊ महिन्यांत जिल्ह्याचं जवळजवळ सगळं चक्र मुलांच्या डोळ्यांसमोरून जातं.

पायरी १: माणसं आणि साधनं

दहा-बारा जणांपेक्षा मोठी बॅच घेऊ नका, आणि सगळे संगणकवालेही घेऊ नका. एक-दोन कृषी पदविकावाले, एखादा भूमापनाचं आयटीआय केलेला, भूगोलाचे दोघे-तिघे, स्थापत्यचे काही आणि कोडिंग येणारे दोघे, असा मिसळलेला गट हवा. ज्याच्या घरी शेती आहे त्याला प्राधान्य द्या. पुढे कारण कळेलच.

उपग्रहाच्या चित्रांसाठी १६ जीबी रॅमचा संगणक आणि एक टीबीची एसएसडी पुरते. ड्रोनचे फोटो जोडायला एक ३२ जीबीचं यंत्र सगळ्यांत मिळून ठेवा. नकाशांसाठी क्यूजीआयएस, रडारसाठी स्नॅप, ड्रोनसाठी वेबओडीएम, पुढे कोडिंगसाठी पायथन, हे सगळं फुकट आहे. महागड्या परवान्यांवर पैसे घालवण्यापेक्षा शिवारफेऱ्यांच्या गाडीभाड्याला ते राखून ठेवा.

पायरी २: पहिला महिना फक्त डोळ्यांचा

या महिन्यात वर्गीकरण, निर्देशांक, कोड काहीही नको. गूगल अर्थवरची स्पष्ट चित्रं घ्या, त्यातली जुन्या तारखांची चित्रंही उघडा, आणि मुलांना वहीत दोन रकाने आखायला लावा. डावीकडे ‘काय दिसतं’, उजवीकडे ‘काय असावं’. डाव्या रकान्यात ‘साखर कारखाना’ असं कोणी लिहिलं तर खोडायला लावा. दिसतात लांबट पत्र्याच्या शेड, उंच वस्तूची सावली, तपकिरी ढीग, मोकळं आवार. कारखाना हे अनुमान आहे आणि ते उजवीकडे जातं.

चित्र वाचण्याची जुनी सूत्रं आजही तीच आहेत: आकार, आकारमान, छटा, पोत, रचना, सावली, जागा आणि आजूबाजूच्या गोष्टींशी असलेला संबंध. ही पाठ करून घेऊ नका, जिल्ह्यातल्या उदाहरणांवर घासून घ्या. डाळिंबाची बाग ठिपक्यांच्या रांगांनी ओळखू येते. लागवड साधारण ४.५ बाय ३ मीटरवर असते, त्यामुळे ठिपक्यांतलं अंतर मोजता येतं. द्राक्षाचा मांडव सलग रेषांचा दिसतो. ऊस जाड, मऊ पोताचा आणि काठाला धारदार दिसतो. प्लास्टिक अंथरलेलं शेततळं कोपरे काटकोनात असलेला गडद चौकोन असतो, पाझर तलावाचे काठ मात्र वेडेवाकडे.

साखर कारखान्यावर एक पूर्ण आठवडा घालवा, कारण ‘वस्तू ओळखणं’ आणि ‘काय चाललंय ते ओळखणं’ यातला फरक त्यावरून फार नीट शिकवता येतो. कारखाना जुलैतही तसाच उभा असतो. प्रश्न असा द्या: अमुक तारखेला गाळप चालू होतं का? मग पुरावे गोळा होतात. आवारात ट्रॅक्टर-ट्रॉल्या आणि बैलगाड्यांच्या रांगा आहेत का, गव्हाणीकडच्या, म्हणजे ऊस टाकतात त्या बाजूला गर्दी आहे का, चिमणीतून वाफ-धूर दिसतो का, बगॅसचा (पिळलेल्या उसाच्या चोथ्याचा) ढीग मागच्या चित्रापेक्षा वाढला का, गरम पाणी थंड करणाऱ्या हौदातले फवारे चालू आहेत का, आणि आसपासच्या गावांत उसाचे फड तोडून उघडे पडलेत का. यातला कुठलाही एक पुरावा एकट्याने पुरेसा नाही. बगॅस हंगामानंतरही पडून राहतं. ट्रॉल्या दुरुस्तीसाठी उभ्या असू शकतात. चार-पाच गोष्टी एकाच दिशेला बोट दाखवू लागल्या की मगच वाक्य लिहायचं.

सावलीचं गणितही इथेच करून घ्या. सावलीची लांबी गुणिले सूर्याच्या उन्नतांशाचा टॅन म्हणजे वस्तूची उंची. सूर्य क्षितिजापासून ४५ अंशांवर असेल तर उंची सावलीएवढीच, ४० अंशांवर असेल तर १०० मीटर सावलीला ८४ मीटर. सूर्याचा कोन चित्राच्या सोबतच्या माहितीत दिलेला असतो.

आणि एक फसगत मुद्दाम दाखवा. हिवाळ्यात आपल्याकडे सूर्य दक्षिणेला असतो, सावल्या उत्तरेकडे म्हणजे पडद्यावर वरच्या बाजूला पडतात. माणसाच्या डोळ्याला प्रकाश वरून येण्याची सवय असते, त्यामुळे दगडखाण टेकडीसारखी आणि टेकडी खड्ड्यासारखी भासते. चित्र उलटं फिरवून दक्षिण वर घेतली की भास जातो. मोठमोठ्या पडद्यांसमोर बसणारेही यात फसतात.

पायरी ३: नकाशाचं गणित, आपल्या मापात

प्रक्षेपणाचा, म्हणजे गोल पृथ्वी सपाट नकाशावर मांडण्याचा तास बहुतेक मुलांना कंटाळवाणा वाटतो, कारण तो परक्या उदाहरणांनी शिकवला जातो. सात-बाऱ्यापासून सुरुवात करा. क्षेत्र हेक्टर-आरमध्ये असतं. एक आर म्हणजे १०० चौरस मीटर. सेंटिनेल-२ च्या दृश्य आणि निअर-इन्फ्रारेड (डोळ्याला न दिसणाऱ्या, लालपलीकडच्या) पट्ट्यांचा एक पिक्सेल १० बाय १० मीटरचा, म्हणजे बरोबर एक आर, जवळपास एक गुंठा. हे एकदा डोक्यात बसलं की विभेदन, म्हणजे चित्रात किती बारीक दिसतं, ते पुन्हा समजवावं लागत नाही.

पुढचा प्रश्न लगेच विचारा: वीस गुंठ्यांच्या तुकड्यात किती पिक्सेल? वीस, असं उत्तर येईल. आता तुकडा काढून दाखवा. बाजू सुमारे ४५ मीटर, म्हणजे साडेचार पिक्सेल. काठावरच्या प्रत्येक पिक्सेलमध्ये बांध, शेजारचं शेत, झाडाची सावली मिसळलेली. निव्वळ त्या पिकाचे पिक्सेल उरतात फार तर नऊ ते सोळा. परदेशातल्या विस्तीर्ण शेतांवर तयार झालेल्या पद्धती आपल्या शिवारात का अडखळतात, याचं निम्मं उत्तर या आकृतीत आहे.

यूटीएम ही पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजणारी नकाशा-पद्धत. सोलापूर तिच्या ४३ व्या पट्ट्यात येतं, क्यूजीआयएसमध्ये त्याचा क्रमांक ईपीएसजी ३२६४३. पट्टा ७८ अंश रेखांशाला संपतो, त्यामुळे नागपूर ४४ व्या पट्ट्यात जातं. राज्यभराचं काम करताना ही रेघ लक्षात ठेवावी लागते. अक्षांश-रेखांशाच्या अंशांत क्षेत्रफळ काढू नये, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळायला लावा.

गाव नकाशांबाबत कडक राहा. जुने नकाशे साखळीने मोजलेले आहेत. ते उपग्रहाच्या चित्रावर बसवले की गटाची हद्द काही मीटर सरकलेली दिसते. मोबाइलचं जीपीएसही उघड्यावर तीन-पाच मीटरचा फरक दाखवतं. विद्यार्थ्याने काढलेल्या नकाशावर ‘हद्द कायदेशीर पुराव्यासाठी नाही’ ही ओळ असलीच पाहिजे. बांधाच्या भांडणात असा नकाशा कोणी तलाठ्यापुढे धरला तर नुकसान खऱ्या माणसांचं होतं. अचूक मोजणी हवी असेल तर भारतीय सर्वेक्षण विभागाच्या कॉर्स जाळ्याला (कायम चालू असलेल्या जीपीएस केंद्रांच्या) जोडलेला, चूक जागीच दुरुस्त करणारा आरटीके रिसिव्हर वापरावा. त्यात काही सेंटिमीटरची अचूकता मिळते.

पायरी ४: उपग्रह, हंगामासोबत

आता निर्देशांक, म्हणजे उपग्रहाच्या पट्ट्यांच्या आकड्यांतून काढलेलं माप. एनडीव्हीआय हा हिरवेपणा मोजणारा निर्देशांक म्हणजे निअर-इन्फ्रारेड वजा लाल, भागिले दोघांची बेरीज. सूत्र पाच मिनिटांत येतं, त्यामागचं पीक-पंचांग यायला वर्ष लागतं. म्हणून मुलांकडून आधी जिल्ह्याचं पंचांग भिंतीवर लिहून घ्या. मंगळवेढ्याकडची मालदांडी ज्वारी सप्टेंबर-ऑक्टोबरात पेरली जाते, जमिनीतल्या ओलीवर वाढते आणि फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निघते. तूर जून-जुलैत पेरून डिसेंबर-जानेवारीत निघते. ऊस आडसाली, पूर्वहंगामी, सुरू आणि खोडवा अशा वेगवेगळ्या वेळी लावलेला असतो, त्यामुळे शेजारच्या दोन फडांचे आलेखही जुळत नाहीत. हे माहीत असलेल्याला जानेवारीतली घसरण बघून ‘तूर निघाली’ हे सुचतं, बाकीच्यांना ‘पीक वाळलं’ असं वाटतं.

सेंटिनेल-२ च्या जुन्या आणि नव्या चित्रांची तुलना करताना एक तांत्रिक खड्डा आहे. २५ जानेवारी २०२२ पासून प्रक्रियेच्या नव्या आवृत्तीत पिक्सेलच्या आकड्यांत १,००० मिळवलेले असतात. परावर्तन काढायचं तर आधी १,००० वजा करून मग १०,००० ने भागायचं. त्याआधीच्या चित्रांत हे नव्हतं. काही साठे आधीच दुरुस्ती करून देतात, काही देत नाहीत. हे तपासलं नाही तर २०२१ आणि २०२३ च्या एनडीव्हीआयमध्ये जमिनीवर न घडलेला ‘बदल’ दिसतो आणि अहवालात तो दुष्काळ म्हणून जातो. सरावासाठी दोन्ही काळांतलं एकेक चित्र द्या, काही सांगू नका, आणि कोणाला शंका येते ते बघा.

सगळ्यात मोलाचा धडा मात्र सांगोल्याच्या डाळिंब बागांचा आहे. डाळिंबाला बहार धरायचा तर शेतकरी आधी पाणी तोडतो. ताण बसतो, पानगळ होते, गरज पडली तर इथ्रेल हे पानं गाळणारं रसायन फवारून ती पुरी केली जाते. मृग बहाराला एप्रिल-मेमध्ये, हस्त बहाराला ऑगस्ट-सप्टेंबरात, आंबे बहाराला नोव्हेंबर-डिसेंबरात. उपग्रहाच्या आलेखात ही पानगळ सरळ कोसळलेली रेषा दिसते. लांब शहरात बसलेला विश्लेषक ‘बाग गेली’ असं लिहून मोकळा होईल. बागायतदाराला विचारलं तर तो म्हणेल, ताणावर सोडलीय. आणि गंभीर बाब अशी की तेल्या आणि मर या रोगांनी आणि खोडकिडीने याच भागातल्या बागा खरोखरही काढाव्या लागल्या आहेत. दोन्ही घटना सुरुवातीला सारख्याच दिसतात. फरक पुढच्या दोन महिन्यांत कळतो: ताणावरची बाग पाणी सुटलं की पालवते, मर लागलेल्या बागेत रांगांमध्ये रिकाम्या जागा पडत जातात. म्हणून अशा ठिकाणी एका तारखेच्या चित्रावर निष्कर्ष लिहायची परवानगीच देऊ नका. सोलापूरजवळ केगावला राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. हा धडा घेण्याआधी तिथल्या जाणकारांशी बोलणं होऊ शकलं तर फार बरं.

नान्नजच्या माळढोक अभयारण्याकडची गवताळ माळरानंही दाखवा. देशात अशा माळांची गणना सरकारी नकाशांत वर्षानुवर्षं पडीक जमिनीत झाली. यंत्राला ‘पड’ आणि ‘माळ’ दोन्ही उन्हाळ्यात सारखेच पिवळट दिसतात. वर्ग ठरवताना नाव काय द्यायचं हा निर्णय माणसाचा असतो आणि त्याचे परिणाम जमिनीवर होतात, हे मुलांच्या मनात इथे रुजवावं असं मला मनापासून वाटतं.

पाण्यासाठी उजनी. धरणाची क्षमता सुमारे ११७ टीएमसी (अब्ज घनफूट), त्यातला ६३ च्या आसपास मृतसाठा, म्हणजे वापराच्या पातळीखालचं पाणी; टक्केवारी त्याच्या वरून मोजतात. म्हणूनच उन्हाळ्यात बातम्यांत ‘उणे’ टक्केवारी येते. ऑक्टोबर ते मे दर महिन्याचं पाण्याखालचं क्षेत्र काढायला लावा आणि ते जलसंपदा विभागाच्या रोजच्या साठ्याच्या आकड्यांशेजारी मांडा. दोन गोष्टी कळतील. क्षेत्र आणि साठा एका पटीत कमी होत नाहीत, कारण तळाचा आकार आणि गाळ मध्ये येतो. आणि शेवाळाने हिरवं झालेलं पाणी किंवा जलपर्णी पाण्याच्या निर्देशांकाला चकवते. अशा वेळी दुसरा साक्षीदार लागतो, तो म्हणजे रडार.

रडार ढगांतून आणि रात्री बघतं. सेंटिनेल-१ या युरोपच्या रडार उपग्रहाची लहर ५.६ सेंटिमीटरची, निसारच्या एल-बँडची सुमारे २४ सेंटिमीटरची. शांत पाणी काळं दिसतं, वाऱ्याने लाटा उठलेलं उजळतं, डांबरी रस्ता आणि गुळगुळीत वाळूही काळी दिसते. २०२० च्या ऑक्टोबरातला पंढरपूरकडचा भीमेचा पूर आणि २०२५ च्या सप्टेंबरातला सीनेचा पूर हे सरावाचे विषय घ्या. पुराआधीचं आणि पुरातलं चित्र शेजारी ठेवून फरक काढा. मग विचारा, नकाशात उसाच्या पट्ट्यात पाणी कमी का दिसतं? उभ्या उसाच्या पानांवरून आखूड लहर परत फिरते, खालचं पाणी तिला दिसतच नाही. म्हणजे नदीकाठच्या ज्या शेतकऱ्याचा ऊस बुडाला, नेमकं त्याचंच नुकसान नकाशात कमी येतं. शिवाय उपग्रह रोज येत नाही. पाणी ओसरल्यावर आला तर पुराचा जोर चित्रात नसतो. ‘या नकाशात काय दिसू शकत नाही’ हा परिच्छेद प्रत्येक पूर-अहवालात सक्तीचा ठेवा.

पायरी ५: ड्रोन

प्रत्येकाने पायलट व्हायची गरज नाही. ड्रोन नियम २०२१ प्रमाणे व्यावसायिक कामासाठी मान्यताप्राप्त संस्थेतून घेतलेलं रिमोट पायलट प्रमाणपत्र लागतं. किमान वय १८ आणि दहावी उत्तीर्ण ही अट. बॅचमधल्या एक-दोघांनी ते घ्यावं. उड्डाणाआधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा नकाशा त्याच दिवशी बघायचा. हिरव्या क्षेत्रात १२० मीटरपर्यंत परवानगी लागत नाही, पिवळ्यात हवाई वाहतूक नियंत्रणाची लागते, लाल क्षेत्रात केंद्र सरकारची. विमानतळापासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात मोकळीक फक्त ६० मीटरपर्यंत आहे. होटगी रस्त्यावरच्या विमानतळामुळे सोलापूर शहर जवळपास पूर्ण या १२ किलोमीटरच्या आत येतं, म्हणून सराव मोहोळ-बार्शीकडे ठेवा. अभयारण्याच्या आसपास वनविभागाच्या परवानगीशिवाय ड्रोन काढूच नका.

विश्लेषकाने कागदावर उड्डाण आखता आलं पाहिजे. सेन्सरची रुंदी १३.२ मिलिमीटर, नाभीय अंतर ८.८ मिलिमीटर आणि फोटो ५,४७२ पिक्सेल रुंद असेल, तर १०० मीटरवरून एक पिक्सेल सुमारे २.७ सेंटिमीटरचा आणि एक फोटो जमिनीवर १५० बाय १०० मीटरचा येतो. पुढे ८० टक्के आणि बाजूला ७० टक्के एकमेकांवर येतील असं ठेवलं, तर प्रत्येक फोटो ९०० चौरस मीटर नवी जमीन देतो. चाळीस हेक्टरला साडेचारशे फोटो, कडेचे वेगळे. हे गणित आलं की बॅटरी किती, कार्ड केवढं, संगणक किती तास चालेल ते आपोआप कळतं.

जमिनीवरचे नियंत्रण बिंदू, म्हणजे नेमकी जागा मोजलेल्या खुणा, चुन्याने किंवा फलकांनी ठळक करा, आणि त्यातले काही जोडणीत न वापरता फक्त तपासायला राखून ठेवा. सगळे बिंदू जोडणीतच घातले तर अहवालातली चूक नेहमी गोड दिसते. वाऱ्यात डोलणारा ऊस आणि पाण्याचा पृष्ठभाग दोन फोटोंत सारखा दिसत नाही, तिथे जोडणीत भोकं पडतात. तिथल्या उंचीवर विश्वास ठेवू नये.

ड्रोनला अंगण दिसतं, गच्ची दिसते, वाळत घातलेले कपडे दिसतात. उडवण्याआधी ग्रामपंचायतीला आणि त्या शेतकऱ्याला सांगा, काय टिपणार आणि कुठे ठेवणार ते सांगा. माणसं ओळखू येतील असे फोटो साठ्यातून काढून टाका. परवानगी घेणं हा अभ्यासक्रमाचाच भाग धरा, त्याला गुण द्या.

पायरी ६: यंत्राला शिकवणं आणि त्याची परीक्षा घेणं

इथवर आलेल्या मुलांना वर्गीकरण, म्हणजे कोणत्या पिक्सेलमध्ये कोणतं पीक हे यंत्राकडून ओळखून घेणं, शिकवायला फार दिवस लागत नाहीत. दोनच गोष्टींवर हट्ट धरा. नमुने शिवारफेरीतून आलेले हवेत: तारीख, जागा, पीक, अवस्था आणि शेताच्या आतून घेतलेला बिंदू, रस्त्यावरून हात करून दाखवलेला नव्हे. दुसरी गोष्ट, शिकवण्याचे आणि तपासण्याचे नमुने वेगवेगळ्या गावांतले असावेत. एकाच शेतातले काही पिक्सेल शिकवायला आणि उरलेले तपासायला वापरले की अचूकता भरमसाट येते, आणि शेजारच्या तालुक्यात तेच मॉडेल तोंडघशी पडतं.

अचूकतेचा एकच आकडा स्वीकारू नका. एखाद्या भागात दहा टक्केच ऊस असेल तर ‘कुठेच ऊस नाही’ म्हणणारं मॉडेलही नव्वद टक्के बरोबर ठरतं. विचारायचं असं: खऱ्या उसापैकी किती सापडला, आणि ऊस म्हणून दाखवलेल्यापैकी किती खरंच ऊस होता? हे दोन आकडे प्रत्येक पिकासाठी वेगळे.

पायरी ७: अनुमान लिहिणं

नकाशा बनवणारा आणि विश्लेषक यांच्यातला फरक इथे आहे. १९६२ च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या चित्र-वाचकांनी यू-२ विमानाच्या फोटोंवरून क्युबातली सोव्हिएत क्षेपणास्त्रं ओळखली. त्यांच्याकडे आधीपासून गोळा केलेली माहिती होती, तुलनेला मापं होती. उलट मे १९९८ मध्ये पोखरणच्या अणुचाचण्यांची तयारी अमेरिकी उपग्रहांवर नजर ठेवणाऱ्यांना कळली नाही. आपल्या सैन्याच्या अभियंत्यांनी कामं रात्री केली आणि यंत्रं सकाळी पुन्हा जागच्या जागी नेऊन ठेवली, जणू काही हललंच नाही. दोन्ही गोष्टी वर्गात सांगा. समोरच्याला आपण बघतोय हे माहीत असेल तर चित्रसुद्धा खोटं बोलू शकतं, हे पोखरणवरून जितकं पटतं तितकं दुसऱ्या कशाने पटत नाही.

खात्रीचे शब्द वर्गात आधी ठरवून घ्या आणि भिंतीवर लावा. मी असे ठेवतो: ‘जवळपास नक्की’ म्हणजे दहात नऊच्या वर, ‘बहुधा’ म्हणजे सहा ते नऊ, ‘सांगता येत नाही’ म्हणजे चार ते सहा, त्याखाली ‘शक्यता कमी’. ‘असू शकतं’, ‘दिसून येतं’ असे निसरडे शब्द अहवालात चालणार नाहीत. सरावासाठी रचलेला एक नमुना देतो:

निरीक्षण: गटात ४.५ मीटर अंतराच्या रांगांची बाग. १० नोव्हेंबर ते १५ डिसेंबर या काळात एनडीव्हीआय ०.५५ वरून ०.३० वर. ड्रोनच्या चित्रात रांगा सलग, रिकाम्या जागा नाहीत. शेजारच्या तीन बागांत असाच उतार.
अनुमान: आंबे बहारासाठी ताण दिला आहे. खात्री: बहुधा.
दुसरी शक्यता: विहिरीचं पाणी आटणं. मर रोगाची शक्यता कमी, कारण चार बागांत एकाच वेळी एकसारखा उतार आहे.
मत कशाने बदलेल: फेब्रुवारीअखेर पालवी न दिसल्यास, किंवा रांगांत खंड पडल्यास.
पुढचं पाऊल: बागायतदाराशी बोलणं.

हा एवढाच मजकूर नीट लिहायला मुलांना आठवडे लागतात. लागू द्या. प्रत्येक अहवाल दुसऱ्या विद्यार्थ्याने फोडायचा, म्हणजे त्याने मुद्दाम उलट बाजू मांडायची.

पायरी ८: पुढची वाट

डेहराडूनच्या भारतीय सुदूर संवेदन संस्थेचे ऑनलाइन अभ्यासक्रम फुकट असतात, ते बॅचच्या जोडीने करून घ्या. भुवन आणि भूनिधी या संकेतस्थळांवर भारतीय उपग्रहांची चित्रं मिळतात. त्यातल्या लिस-४ या कॅमेऱ्याचा ५.८ मीटरचा डेटा आपल्या लहान तुकड्यांना सेंटिनेलपेक्षा बरा पडतो. नागपूरचं महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र, पीक विमा, जमीन मोजणी, सिंचन, महापालिका, साखर कारखान्यांचे ऊस विभाग, ड्रोन सर्वेक्षण कंपन्या, अशी कामाची ठिकाणं आहेत. केंद्र सरकारची फेब्रुवारी २०२१ ची मार्गदर्शक तत्त्वं आणि डिसेंबर २०२२ चं राष्ट्रीय भूस्थानिक धोरण यांनी भारतीय कंपन्यांना नकाशे बनवण्याची बरीच मोकळीक दिली, त्यामुळे खासगी क्षेत्रातलं काम वाढलं. संरक्षण क्षेत्रात जायचं असेल तर रीतसर भरतीनेच जावं. सरावाच्या नावाखाली लष्करी ठिकाणांची चित्रं आणि त्यावरची टिपणं समाजमाध्यमांवर टाकणं हा गुन्हा ठरू शकतो, हे पहिल्याच आठवड्यात स्पष्ट सांगा.

नोकरीसाठी प्रमाणपत्रांच्या चळतीपेक्षा तीन पूर्ण कामं दाखवा: एक पिकाचं, एक पाण्याचं, एक ड्रोनचं. प्रत्येकात प्रश्न, डेटा, तपासणी, अहवाल आणि जे जमलं नाही ते.

अंतिम परीक्षा तोंडी घ्या. समोर एक कृषी सहाय्यक, एक पाटबंधाऱ्यातला माणूस आणि ज्याच्या शेतावर काम केलं तो शेतकरी. वीस मिनिटं, मराठीत, संगणकाशिवाय, हातात छापील नकाशा. शेतकऱ्याने ‘हे कशावरून म्हणता?’ विचारल्यावर विद्यार्थ्याने सॉफ्टवेअरचं नाव घेतलं तर त्याला पुन्हा बसवा.

सगळे अहवाल तारखेसह जपून ठेवा. पुढच्या सप्टेंबरात नवी बॅच आली की तिला पहिलं काम हेच द्या: आधीच्या बॅचने ‘बहुधा’ लिहिलेली सगळी अनुमानं काढायची, त्या गावांत जाऊन विचारायचं आणि त्यातली किती खरी ठरली ते मोजायचं. दहात सहा ते नऊ आली तर शब्द बरोबर वापरले जातायत. दहाच्या दहा खरी निघाली तर मुलं घाबरून लिहितायत, आणि निम्मी चुकली तर पायरी २ पासून परत सुरू करा.